फौजी कपाट

निवृत्तीच्या दिवशी पोस्टातल्या मंडळींनी मला दिलेला राखाडी सफारी सूट वाशीम रोडवरच्या एका वावरात, तुरीच्या ओळींमध्ये, दोन्ही हात पसरून उभा आहे, ही बातमी आमच्या घरी माझ्याआधी भाजीवालीने पोहोचवली. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या वेळेवर पोहोचवणाऱ्या माणसावर ही पाळी यावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

"भाजीवाली म्हणे, पोस्टमास्तर वावरात उभे हायेत," रेणू, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली. "तिनं राम राम केला तं ओ देल्ला नाही म्हणे."

"मी तर घरीच आहे."

"ते मले दिसून राह्यलं. सफारी कुठी हाय?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आधी कपाटाची हकीकत सांगणं भाग आहे.

आमच्या मंगरूळपीरच्या वाचनालयात एक काचेचं कपाट रिकामं झालं. त्यातल्या ज्ञानकोशाचे चार खंड लोकांनी नेले आणि उरलेले वाळवीने. आता कपाटात काय ठेवावं यावर कार्यकारिणीची सभा भरली. कोणी म्हणालं चषक ठेवा, पण वाचनालयाने आजवर कोणतीच स्पर्धा जिंकलेली नव्हती. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, एकाहत्तरच्या लढाईतले आपल्या भागातले जवान आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत. त्यांचे गणवेश, टोप्या, पदकं गोळा करू. सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, उद्घाटन करू.

माझ्या बोलण्याला कारण होतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. फौजी सुटीवर आला की ड्रायव्हर त्याच्यासाठी थांबा नसलेल्या ठिकाणीही एसटी उभी करायचा. टपावरून काळी पत्र्याची पेटी खाली यायची, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ती पेटी घरापर्यंत नेण्यासाठी आम्हा पोरांमध्ये मारामाऱ्या व्हायच्या. ज्याच्या डोक्यावर पेटी, त्याची त्या दिवसापुरती कॉलर ताठ. मला ती एकदाच मिळाली, आणि वाटेत पेटीचा कोपरा लागून डोक्याला जे टेंगूळ आलं ते मी आठवडाभर लोकांना दाखवत फिरलो.

सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीही नंतर काम करत नाही, हे नोकरीत शिकलो होतो. निवृत्तीनंतर विसरलो.

पहिला गणवेश सापडला तो दुसऱ्याच दिवशी, सकाळी फिरायला गेलो तेव्हा. माजी हवालदार रामराव यांच्या वावरात बुजगावणं उभं होतं आणि त्याच्या अंगात हिरवट रंगाचा, पितळी बटनांचा, दोन्ही खांद्यांवर पट्ट्या असलेला शर्ट होता. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, थबकलो. रामराव तुरीत होते.

"रामराव, हा तुमचा फौजेतला शर्ट ना?"

"मंग काय माह्या सासऱ्याचा हाय?"

"अहो, पण बुजगावण्याच्या अंगात?"

"मंग काय झालं? याले पाह्यलं का रोही धुऱ्यावरूनच पलटी मारते. तुमाले सांगतो मास्तर, पाकिस्तानबी इतकं भ्यालं नव्हतं."

तूर खायला येणाऱ्या नीलगाईंना आमच्याकडे रोही म्हणतात. मी त्यांना कपाट, काच, पुढच्या पिढ्या असं सगळं समजावलं. रामरावांचा चेहरा हळूहळू पालटला. त्यांनी बुजगावण्याजवळ जाऊन शर्टाची कॉलर सारखी केली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई डबा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "न्याचा असन तं न्या. पण त्याच्या जागी कायतरी उभं करा मास्तर. तूर फुलावर हाय."

मी शब्दाचा पक्का माणूस. घरी बुजगावण्याच्या मापाचं एकच कापड होतं. ते कोणतं, हे आता वाचकांना कळलं असेल. रेणूलाही कळलं. ती त्या दिवशी माझ्याशी फक्त मीठ-तिखटापुरतं बोलली.

पण दुःख सफारी गेल्याचं नव्हतं. दुःख तीन दिवसांनी रामराव दारात आले तेव्हाचं होतं.

"मास्तर, तुमच्या सफारीले रोही भेत नाही."

"म्हणजे?"

"काल सांजीले चार रोही आले. एकानं तं त्याच्या आंगाले आंग घासलं. खिशाले पेन हाय ना, तं त्याह्यले वाटते सरकारी माणूस हाय. पाहीन, पण करन काई नाही."

शेजारचे बाबूलाल नेमके तेव्हाच साखर मागायला आलेले. हे निवृत्त कृषी सहाय्यक. सल्ला देताना त्यांना साखरेचं भान राहत नाही. त्यांनी पेन काढा, चष्मा लावा, चष्म्याच्या काचेवर ऊन चमकतं, जनावर बिचकतं, असा शास्त्रीय उपाय सांगितला. मग माझा जुना चष्माही वावरात गेला. रोही बिचकले की नाही माहीत नाही, पण रस्त्याने जाणारे लोक थांबून नमस्कार करू लागले. शेवटी मनकर्णाबाईंनी सफारीच्या दोन्ही हातांना रिकामे डबे बांधले, तेव्हा कुठे तूर वाचली. पस्तीस वर्षांच्या नोकरीला जे जमलं नाही ते रिकाम्या डब्यांना जमलं, हा विचार मी मनात येऊ दिला नाही.

मी फौजी वस्तू घेतो ही बातमी पसरली आणि घराची ओसरी भरू लागली. अनसिंगचे मदनसिंग स्वतः येऊन आपला फौजेतला जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा देऊन गेले. त्यांच्या घरी चाळीस वर्षं तो ज्वारी मोजायला होता. पण असे एक-दोन. बाकी काय काय आलं! होमगार्डची टोपी आली, वनरक्षकाचा पट्टा आला, एका कंडक्टरच्या सुनेने सासऱ्याचा खाकी कोट आणला आणि "तेबी गंज लढले," म्हणजे खूप लढले, असं सांगितलं. ते मला खोटं वाटलं नाही. सणासुदीच्या गर्दीत अकोला गाडीवर पंचवीस वर्षं काढणं ही लढाईच आहे.

सगळ्यांत भारी होता एक लाल कोट. सोनेरी गोंडे, छातीवर पितळी बटनांच्या दोन रांगा. आणणारा म्हणाला, मोठ्या साहेबाचा आहे. बाबूलालांनी तो पाहताच "ब्रिगेडियरच्या खाली नाही," असा निर्वाळा दिला. मी तो कपाटात मधोमध टांगला. वाचनालयाचे अध्यक्ष त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. तुळशीचं लग्न होऊन तिथी निघाल्या आणि तिसऱ्या दिवशी एक बँडवाले गृहस्थ हात जोडून दारात. "साहेब, कोट द्या ना जी. उद्या दोन वराती हायेत."

यावर कार्यकारिणीत ठराव झाला की यापुढे सरकारी परवानगीशिवाय काही ठेवायचं नाही. मी अर्ज लिहिला. विषय: माजी सैनिकांचे जुने कोट जतन करण्याबाबत. अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: "सदर कोट या कार्यालयाच्या किल्ले व तटबंदीच्या यादीत आढळून येत नाही. तरी कोटाची चतुःसीमा, गट नंबर व चालू सातबारा जोडून फेरअर्ज सादर करावा."

मी पत्र दोनदा वाचलं. भाषा इतकी शुद्ध होती की राग येईना. बाबूलाल म्हणाले, "भाऊ, सातबारा जोडून पाहा. एखाद्या वेळेस खरंच एखादा किल्ला नावावर होऊन जाईन."

सोळा तारीख आठ दिवसांवर आली, तेव्हा परवानगीच्या ठरावाचं नाव कोणी काढेनासं झालं. कपाटात एक शर्ट आणि एक डबा. तेवढ्यात मदनसिंगांनी सांगितलं की मानोऱ्याकडच्या एका तांड्यात सोमला नावाचा एकाहत्तरचा जवान आहे, त्याच्याकडे फौजेचा मोठा कोट आहे. मी पहिली गाडी पकडली.

सोमला अंगणात शेंगा फोडत बसले होते. हाडापेराचा उंच माणूस, पाठ अजून सरळ. त्यांनी मला खाटेवर बसवलं, चहा सांगितला आणि पत्नीला, जमनाबाईंना, कोट आणायला सांगितलं. जमनाबाईंनी चहा आणला. कोट आणला नाही.

"कोट नाही भेटत," त्या म्हणाल्या.

"जमना, मास्तर इतक्या दुरून आले."

"येऊ द्या ना. चहा देल्ला ना म्या." मग त्या माझ्याकडे वळल्या. "नेऊन काय करान?"

"जतन करणार. काचेत ठेवणार. कोणी हातसुद्धा लावणार नाही."

"मंग त्याचं काय काम?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका सरळ प्रश्न कोणत्याही निरीक्षकाने विचारला नव्हता. मी चहा पिऊ लागलो.

हळूहळू त्यांनीच सांगितलं. सोमला पायाला मार लागून फौजेतून लवकर परतले. घरची जमीन कोरडवाहू, दोन एकर. दिवाळी झाली की तांड्यातली माणसं ऊस तोडायला जायची, हेही जायचे. मुक्काम उसाच्या फडात, उघड्या रानात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. "पूस-माघाचं हिव. चार लेकरं या कोटाखाली निजवले म्या," जमनाबाई म्हणाल्या. "दोन बाह्यांत दोन धाकले, मधात दोन मोठे. निता तं फडावरच झाली. तिले पह्यलं यातच गुंडायलं. ह्यायनं तं कोट चौदा दिवस लढाईत घातला. बाकीचे पन्नास वर्सं तो माह्याकडं हाय."

सोमला शेंगा फोडत खाली मान घालून हसले. "बरोबर हाय. नोकरी तिचीच जास्त झाली."

मी उठायला लागलो. खरंच उठत होतो. पण जमनाबाई आत गेल्या आणि कोट घेऊन आल्या. घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला, छातीवर एक पदक. "न्या. तुमचं तोंड पाहून देतो. पण हिव पडलं का मले इचारा."

सोमलांनी वर आणखी एक वस्तू दिली. तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं, हातभर लांब. आठवण म्हणून आणलेलं. जमनाबाई त्यात मिरच्या कुटत. मी ते कोटात गुंडाळलं आणि मोठ्या समाधानाने परतीच्या एसटीत बसलो.

माझी चूक एवढीच की शेजारच्या प्रवाशाने "काय हाय जी?" असं विचारल्यावर मी अभिमानाने म्हणालो, "तोफगोळा."

पुढच्या अर्ध्या मिनिटात एसटी रिकामी झाली. कंडक्टर खिडकीतून उतरला. मी "रिकामा आहे, रिकामा आहे," असं ओरडत होतो आणि लोक गाडी रिकामी झाली असं समजून आणखी लांब पळत होते. पोलीस आले. मला एका बाभळीखाली बसवलं, नळकांडं शंभर पावलांवर दुसऱ्या बाभळीखाली ठेवलं, आणि दोघांवर एकेक शिपाई नेमला. माझ्यावरचा शिपाई जास्त सावध होता.

मी माझं नाव, हुद्दा, निवृत्तीचं वर्ष सांगितलं. "पोस्टमास्तर भोयर! मंगरूळात कोणालाही विचारा!" शिपायाने फोन लावला. पलीकडच्याने सांगितलं की पोस्टमास्तर वाशीम रोडवर वावरात उभे असतात.

शेवटी एक वयस्कर जमादार धीर करून नळकांड्याजवळ गेला. वाकला. स्फोटकाच्या दारूचा वास येतो का पाहायला नाक आत घातलं. पन्नास वर्षांच्या मिरच्यांनी आपलं काम चोख केलं. जमादार असा शिंकला की रस्त्यावरची सगळी माणसं एकाच वेळी जमिनीवर पालथी पडली. मीसुद्धा. पांढऱ्या पँटीत.

तेवढ्यात नातू नवीनच्या मोटारसायकलवर मागे बसून सोमला आले. कोणीतरी तांड्यात फोन केला होता. ते लंगडत थेट नळकांड्याशी गेले, एकाच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, पाणी आत ओतलं, खळखळून फेकलं, पुन्हा ओतलं आणि सगळ्यांसमोर गटागट पिऊन टाकलं. मग ठसका लागला म्हणून थोडे खोकले.

"फुटाचा असता तं एकाहत्तरातच फुटला असता," ते म्हणाले. "मास्तराले उठवा. कपडे खराब होऊन राह्यले त्यायचे."

फौजदार पुढे आला. त्याने सोमलांना विचारलं, कुठली पलटण. सोमलांनी सांगितली. फौजदाराने टाचा जुळवून सलाम ठोकला. मला कोणी सलाम ठोकला नाही, पण गाडीत पुढची सीट मिळाली.

सोळा तारीख उजाडली ती कडाक्याच्या थंडीने. कार्यक्रम नऊचा. कपाट भरलेलं होतं: शर्ट, डबा, नळकांडं, मधोमध कोट, प्रत्येकाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. दाराला लाल फीत. चावी माझ्या खिशात. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर रामराव, मदनसिंग आणि सोमला, मागे घरची मंडळी. पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

दहा वाजले. वाचनालयाच्या दगडी फरशीतून गारवा वर येत होता. साडेदहाला सोमलांना कापरं भरलं. अंगात पातळ पांढरा शर्ट, तोही खास आजसाठी इस्त्री केलेला. ते गुडघ्यांमध्ये हात दाबून ताठ बसायचा प्रयत्न करत होते. आणि त्यांच्यापासून चार हातांवर, काचेच्या आत, तो जाडजूड लोकरी कोट टांगलेला.

मी ते पाहत होतो. अध्यक्षांच्या कानाला लागलो. ते म्हणाले, "पाहुणे निघालेत. फीत कापल्याशिवाय कपाट कसं उघडायचं?" मी परत जागेवर आलो. हे मी लपवणार नाही: मी परत जागेवर आलो.

जमनाबाई उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"चाबी."

मी चावी दिली. त्यांनी फीत सोडली नाही, तोडली नाही, फक्त खाली सरकवून कपाट उघडलं. कोट काढला. सोमलांना उभं केलं, एकेक बाही चढवली, आणि खालून वर एकेक बटन लावत गेल्या. गळ्याचं बटन लावायला त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या.

"मंग म्या काय गुना केला?" म्हणत रामराव उठले आणि आपला शर्ट काढून घातला. पोटावर तीन बटनं लागेनात, ती मनकर्णाबाईंनी पदराची पिन लावून निभावली. मदनसिंगांनी डबा घेतला आणि चहावाल्याला म्हणाले, "यातच दे."

पाहुणे आले तेव्हा अध्यक्षांनी त्यांच्या हातात कात्री दिली. समोर लोंबणारी फीत, आत चिठ्ठ्या आणि एक नळकांडं. पाहुणे गोंधळले. तेवढ्यात रामराव गरजले, "सावधान!" आणि तिघे म्हातारे उठून उभे राहिले. गुडघ्यांचे आवाज मागच्या रांगेपर्यंत आले. पाहुण्यांनी कात्री खाली ठेवली. मी सलाम केला. तो डाव्या हाताने केला, असं बाबूलाल अजून सांगतात.

माझं सात पानी भाषण झालंच नाही. सगळी मंडळी बोलत बोलत स्टँडवर गेली. मानोरा गाडीच्या कंडक्टरने सोमलांना आधार कार्ड मागितलं, पंचाहत्तरी पुरी झाल्याशिवाय फुकट प्रवास नाही. सोमलांनी कोटावरचं पदक दाखवलं. "हे ठीक हाय जी, पण यावर जन्मतारीख नाही ना," कंडक्टर म्हणाला. जमनाबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं. नळकांडंही त्याच पिशवीत होतं. सांजीच्या भाजीला मिरच्या कुटायच्या होत्या.

खिडकीतून सोमला म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. आमी मेलो का घेऊन जा कोट."

"तवाबी नाही," आतून जमनाबाई म्हणाल्या. "निताच्या घरी लेकरं हायेत."

मी वाचनालयात परतलो. हॉल रिकामा झाला होता. वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ मात्र एक म्हातारी बाई बसून होती. नाव गोमतीबाई, कारंज्याकडच्या खेड्यातून सकाळीच आली होती. मी विचारलं, काय काम आहे.

"आता जागा झाली काय जी?" तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "मंगानी सारं भरेल होतं."

तिने लुगड्याच्या ओच्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कापड, कापडातून एक आंतर्देशीय पत्र. घड्यांवर झिजून आरपार दिसत होतं. छप्पन एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, शिक्का होता, नोव्हेंबर एकाहत्तरचा. शिक्का वाचायला मला चष्मा लागला नाही. पत्र तिच्या नवऱ्याचं, रामसिंगचं. तो परत आला नव्हता.

"दुसरं काई आलं नाही त्यायचं," ती म्हणाली. "वाचून पाहा. ठेवासारखं असन तं ठेवा."

मी वाचू लागलो. मी मजेत आहे. तू दिलेली शेव पलटणीने दोन दिवसांत संपवली. इथं भात रोज मिळतो, भाकर मिळत नाही. मागची भिंत लिंपून घे. काळी गाय व्याली का, ते कळव.

"कबरी," गोमतीबाई म्हणाली.

मी पुन्हा पाहिलं. कबरीच लिहिलं होतं.

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही जी." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "गोऱ्हा झाला होता. कळवलं होतं म्या, शाळेतल्या मास्तराकून लिवून घेऊन. पण ते पत्र वापस आलं."

पस्तीस वर्षांत पत्ता न लागलेली किती पत्रं माझ्या हातून परत गेली असतील. प्रत्येकावर मी नीट शिक्का मारला होता. मी कपाट उघडलं आणि पत्र मधल्या कप्प्यात, जिथे कोट होता तिथे, उभं ठेवलं.

गोमतीबाई काचेला नाक लावून पाहत राहिली.

"सरळ ठेवा ना जी," ती म्हणाली. "उलटं ठेवलं तुमी."